रस्ता नकाशात आहे

महाराष्ट्रात शिरूर एकच असतं, तर कितीतरी सोयरिकी वेळेवर जुळल्या असत्या. पण एक शिरूर पुणे जिल्ह्यात, घोडनदीच्या काठी. लातूर जिल्ह्यात दोन, अनंतपाळ आणि ताजबंद. आणि आमचं शिरूर कासार बीड जिल्ह्यात, सिंदफणेच्या काठी. यात घोडनदीचं शिरूर नशीबवान. लोकसभेच्या मतदारसंघाला त्याचं नाव, शेजारी रांजणगावचा गणपती, रांजणगावचीच एमआयडीसी आणि दारातून पुणे-नगर रस्ता. आमच्या वाट्याला आलं ते नावापुढचं 'कासार', आणि एवढी तीन अक्षरं टाइप करायचा पाहुण्यांना कंटाळा.

मुलगी बघायला पुण्याहून मंडळी निघतात. काचेला रबरी वाटीनं चिकटवलेलं रस्ता दाखवायचं मशीन, नाहीतर त्याच जागी अडकवलेला फोन. पुढे बसलेला 'शिरूर' एवढंच टाकतो आणि एसीच्या गारव्यात डोळे मिटतो. दीड-दोन तासांत बाईचा आवाज येतो, "आपण आपल्या ठिकाणी पोहोचला आहात." मंडळी खूश. बीड जिल्हा इतका जवळ आहे, हे त्यांना आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. खाली उतरून फोन लावतात, "आलो बरं का शिरूरला. घर कुठल्या आळीत?" इकडे मुलीकडचे नाना अनुभवी. ते आळी सांगत नाहीत, एवढंच विचारतात, "आधी सांगा, नदी कंची?" घोडनदी असं उत्तर आलं की फोनवर हात ठेवून आत हाक मारतात, "पोहे भिजवू नका गं. पाहुणं आजून पुणे जिल्ह्यातच हायेत."

यात मशीनकडे बोट दाखवता येत नाही. जे विचारलं ते त्यानं दाखवलं. आमच्याकडच्या कुठल्याही खिडकीवर इतका सरळ कारभार चालत नाही.

हे मशीन आमच्या भागात आलं ते थेट अमेरिकेहून. फोनमध्ये नकाशे शिरायच्या आधीचे दिवस. आमच्या एका दाजींच्या भाच्यानं तिकडून येताना आणलेलं, हाताच्या पंजाएवढं. दाजींनी रबरी वाटीला थुंकी लावून ते जीपच्या काचेवर दाबलं आणि वायर सिगारेट पेटवायच्या भोकात खुपसली. वायर गिअरमध्ये यायची. पण दाजी एवढे हरखलेले, की तिला धक्का लागू नये म्हणून तिसरा गिअरच टाकायचे नाहीत. एप्रिलच्या उन्हात वाटी सुटायची आणि मशीन धाडकन खाली, डॅशबोर्डवरच्या भगवानबाबांच्या फोटोपुढे पालथं. दाजी म्हणायचे, "घेतलं दर्शन. आता बरोबर चालंल."

आत नकाशा मात्र अमेरिकेचाच. त्यामुळे शिरूर ते बीड अख्खा प्रवास पडद्यावर एक निळी गाडी पांढऱ्याफटक मोकळ्या जागेतून चालत राहायची. ना रस्ता, ना गाव, ना पूल. दाजींना त्याचंही कौतुक. "बघा, हितं कायच केलेलं न्हाई, हे त्याला अमेरिकेत बसून दिसलं." तालुक्याच्या विकासाचा इतका निर्भीड अहवाल आम्हाला त्याआधी मिळाला नव्हता, पुढेही मिळाला नाही.

नंतर त्यात भारताचा नकाशा घालून आणला आणि ते बोलायला लागलं. गेवराईला 'जेव्हराय', पाथर्डीला 'पॅथर्डाय'. मागच्या सीटवरची आत्या दचकायची, "ही बाई कुणाला शिव्या द्यायली?" दाजींनी वळण सोडलं, की बाई थंडपणे म्हणायची, 'रीकॅल्क्युलेटिंग'. आत्याला इंग्रजी येत नव्हतं, पण सूर ओळखीचा होता. गडी माणसानं चूक केल्यावर एका शब्दात एवढं सुनावणारी बाई आत्याला मनापासून आवडली. दाजींनी पुढे तो आवाज बंद केला. कारण विचारलं तर म्हणाले, "बॅटरी खाती."

आता त्या मशीनच्या पोटातलं इंगित. बऱ्याच जणांची समजूत अशी, की वर उपग्रहातून कुणीतरी आपल्या जीपवर डोळा ठेवून असतं. उपग्रहाला जीपही ठाऊक नसते आणि शिरूरही. सुमारे २०,००० किलोमीटरवरून तो एवढंच पुकारत असतो, की माझ्या घड्याळात किती वाजले आणि मी कुठं आहे. मशीन अशा किमान चार उपग्रहांचा पुकारा ऐकतं, कुणाचा किती उशिरा पोहोचला यावरून अंतरं काढतं आणि तुम्ही नेमक्या कुठल्या बांधावर उभे आहात ते ठरवतं. सगळा खेळ घड्याळाचा. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी जमिनीवर तीनशे मीटरचा फरक पडतो, म्हणजे मंगल कार्यालयाऐवजी स्मशानभूमी. ज्या गावात मुक्कामी एसटीचं वेळापत्रक 'येईल की' एवढंच असतं, तिथे हे शास्त्र पचायला वेळ लागला.

मे २००० पर्यंत अमेरिका आपल्या उपग्रहांच्या या पुकाऱ्यात मुद्दाम खोट मिसळायची. लष्कराला अचूक ठिकाण, बाकी जगाला शंभरेक मीटर इकडे-तिकडे. आमच्याकडे यानं कुणी चकित झालं नाही. पंचायतीच्या हिशेबाची एक प्रत वर आणि दुसरी ग्रामसभेत, हे आम्ही उपग्रहाच्या आधीपासून बघत आलोय. मग भारतानं २०१३ ते २०१६ या काळात स्वतःचे सात उपग्रह वर पाठवले आणि या यंत्रणेचं नाव ठेवलं 'नाविक'. बीडच्या माणसाला वाट दाखवायला नावाडी! उन्हाळा लागला की टँकरच्या पाईपकडे डोळे लावून बसणाऱ्या तालुक्याला हा विनोद कुणी ठरवून केला असेल असं वाटत नाही. त्यातल्या काही उपग्रहांवरची घड्याळंच पुढे बंद पडली. एसटी स्टँडवरच्या घड्याळानं त्या दिवशी भावकी ओळखली असेल.

तर, गाडी कुठं आहे ते मशीन बरोबर सांगतं. रस्ता कुठं आहे ते मात्र त्याला दुसऱ्या कुणीतरी सांगितलेलं असतं, आणि घोळ तिथून सुरू होतो. नकाशात जे भरलं ते प्रमाण. जागेवर काय आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. हा स्वभाव आम्ही चांगला ओळखतो. आमच्या महसूल खात्याचाच आहे.

गावनकाशात दोन तुटक रेघांची गाडीवाट असते. जागेवर कापूस असतो. शेजारी शेजारी राबणाऱ्या भावकीनं दर नांगरटीला एकेक तास आत घेत ती वाट एवढी बारीक केलेली, की बैलगाडीचं एक चाक ह्याच्या रानात आणि दुसरं त्याच्या. मग तहसीलदारांकडे अर्ज, महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६, कलम १४३, बांधावरून रस्ता मिळणेबाबत. स्थळपाहणी, पंचनामा, तारीख, पुढची तारीख, अपील. चुकलेला रस्ता मशीन पाच सेकंदांत पुन्हा जुळवून देतं. कलम १४३ ची जुळणी होईपर्यंत अर्जदाराची पोरं हाताशी येतात आणि त्यांच्यात वाटणी होऊन नवा अर्ज पडतो. २०२१ मध्ये शासनानं मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना काढली. नाव एवढं लांब, की काही पाणंदीत त्याची पाटी आडवी बसायची नाही.

अशाच एका गाडीवाटेवर मशीननं एका पाहुण्याची कार घातली. बाजाराचा दिवस, मोठ्या रस्त्यावर गर्दी, म्हणून 'जवळचा मार्ग'. पाऊस होऊन गेलेला, काळी माती. शंभर पावलांवर चाकं बसली, पाहुण्यानं रेस वाढवली तशी आणखी बसली, आणि मागच्या काचेवर चिखलाचं सारवण झालं. आतून बाई सांगतेच आहे, "चारशे मीटर सरळ जा." पुढे चारशे मीटर कमरेएवढा कापूस.

बांधावरून एक शेतकरी आला. त्यानं आधी गाडीकडे बघितलं नाही, पडद्याकडे बघितलं. "हितं रस्ता दावायलंय व्हय?"

"दाखवतंय ना. म्हणून तर आलो."

"मग ह्याचा फोटू काढून द्या मला. अर्जाला जोडतो. मी किती वर्षं हेच सांगायलोय, हितं रस्ता हाय म्हणून."

तेवढ्यात बांधापलीकडचा चुलतभाऊ ट्रॅक्टर घेऊन हजर. साखळी लावली, गाडी ओढून काढली, पाचशे रुपये मोजून घेतले आणि पाहुण्याला म्हणाला, "तुमीबी साक्षीला या. रस्ता असता तर गाडी फसली असती का?"

दोघांनीही पाहुण्याचा नंबर घेतला. रस्ता आहे याचा पुरावा त्याचं मशीन आणि रस्ता नाही याचा पुरावा त्याची कार, असा तो दोन्ही बाजूंचा साक्षीदार झाला. तारखेला तो घोडनदीच्या शिरूरला जाऊन बसला असेल तर त्याला दोष देऊ नये.

नकाशातल्या आणि जागेवरच्या रस्त्यातलं हे अंतर कधीकधी माणूस गिळतं. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात कळसूबाईकडे निघालेल्या पुण्याच्या मंडळींना फोनवरच्या नकाशानं रात्री एका पुलावर नेलं. पूल धरणाच्या पाण्याखाली होता. दर वर्षी काही महिने तो तसाच बुडालेला असतो, हे त्या भागातल्या शेळ्या राखणाऱ्या पोरालाही ठाऊक. दोघं बाहेर आले, गाडी चालवणारा गेला. २०२५ च्या सप्टेंबरात आमची सिंदफणा पात्र सोडून गावात शिरली, तेव्हाही पडद्यावर ती पूर्वीसारखी बारीक निळी रेघच होती. त्या दिवसांत कुठला पूल चालू आणि कुठला बंद ते दूधवाले सांगायचे. सकाळी किटल्या घेऊन कोण आलं नाही, यावरून कुठली वाट तुटली ते गावाला कळायचं.

मशीनचा नकाशा जुना होतो, पैसे भरून ताजा करून घ्यावा लागतो. नकाशा ताजा करण्याची हौस सरकारलाही आहे, फक्त तिथं नावं बदलतात आणि खड्डे वंशपरंपरेनं चालू राहतात. २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झालं, २०२४ मध्ये अहिल्यानगर. दाजींचं मशीन अजून जुन्याच नावांवर अडून आहे. नवं नाव टाकलं की ते 'असे ठिकाण सापडले नाही' म्हणतं. दाजी ते चारचौघांत लावत नाहीत. हल्ली कुणाच्या भावना कशानं दुखावतील सांगता येत नाही, आणि मशीनला तर माफी मागता येत नाही.

रेल्वेनं मात्र मशीनलाही लाजवलं. नगर-बीड-परळी मार्ग १९९५ सालचा मंजूर. बीडला गाडी पोहोचली १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मुक्तिसंग्राम दिनाच्या मुहूर्तावर. रूळ आमच्या तालुक्यातूनच, रायमोह, विघनवाडी ही ठेसनं वाटेत. नगर ते बीड अंतर पावणेदोनशे किलोमीटरसुद्धा नाही, वेळ तीस वर्षं. मधल्या काळात किती निवडणुकांत ही गाडी 'पुढच्या वळणावर' होती त्याची मोजदाद कुणी ठेवली नाही. पहिल्या गाडीला हार घालायला गेलेल्या म्हाताऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी मंजुरीचे पेढेही खाल्ले असणार.

आता ज्यांच्यावाचून या तालुक्याचा हिशेब लागत नाही, त्यांच्याकडे येतो. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ट्रक नाहीतर दोन ट्रेलरचा ट्रॅक्टर, वर संसार, शेळी, कोंबड्या, कोयते आणि पोरं. सांगली, कोल्हापूर, कर्नाटक. रात्री-अपरात्री ड्रायव्हर कारखान्याच्या धुराड्यावरचे दिवे बघून दिशा धरतो. दोन ट्रेलर घेऊन कुठल्या पुलावर वळता येत नाही ते त्याला पाठ असतं, मशीनला नसतं. मशीनला कारखाना माहीत आहे, पेट्रोल पंप माहीत आहे, शेजारचा ढाबा आणि त्याला मिळालेले तारेही माहीत आहेत. कारखान्याच्या मागच्या माळावर ताडपत्री आणि पाचटाच्या कोप्यांत आमचा किती तालुका सहा महिने राहतो, ते त्यात कुठंच नाही. पोराला तिथल्या शाळेत घालायचं म्हटलं तर पत्ता काय लिहायचा? बाळंतिणीसाठी गाडी बोलवायची तर लोकेशन कुठलं पाठवायचं? पडद्यावर त्या जागी पुन्हा दाजींच्या पहिल्या नकाशासारखं पांढरंफटक.

२०२४ च्या नोव्हेंबरात विधानसभेचं मतदान आलं ते टोळ्या निघायच्या ऐन दिवसांत. बरीच माणसं पोहोचली होती, कोप्या पडल्या होत्या. मतदानाच्या आदल्या रात्री माळावर जीपा आल्या. अंधार, चिखल, उसाच्या सऱ्या, कुठं पाटी नाही की दिवा नाही. आणि तरी प्रत्येक जीप बरोबर ज्या त्या कोपीच्या दारात. माणसांची नावं घेऊन हाका. कोण कुठल्या वस्तीचा, घरात मतं किती, सगळं तोंडपाठ.

एका मुकादमाला विचारलं, "यांना एवढा बिनचूक पत्ता कसा सापडला?"

"यादी असती की त्यांच्याकडं. नाव, फोन, कारखाना, टोळी, समदं."

"मग तीच यादी रेशनवाल्याला, शाळेला, दवाखान्याला दिली तर?"

मुकादमानं बिडी पेटवली. "ते मशीन येगळं, सायेब. ते आदल्या रातीच चालू हुतं."