गाडीचे दात

आमच्या आजोबांनी उभ्या आयुष्यात मोटारसायकल चालवली नाही, पण जुनी मोटारसायकल कशी घ्यावी हे मला त्यांनीच शिकवलं. म्हणजे शिकवलं होतं बैलाबद्दल. घोटीच्या बाजारात गेलं की आजोबा शिंगांच्या रंगाकडे बघत नसत, झुलीकडे बघत नसत आणि विकणाऱ्याच्या तोंडाकडे तर मुळीच नाही. सरळ बैलाचा जबडा उघडून दात बघत. "आदत, दुसा, चौसा. वय तोंडात असतं. बाकी सगळं रंगवता येतं," असं म्हणत. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो आणि माझं सगळं लक्ष भेळेच्या गाडीवर होतं. ती भेळ केवढ्याला पडली हे मला पस्तीस वर्षांनी, इंग्लंडातल्या यॉर्कशरमध्ये, एका मेंढपाळाच्या शेडमध्ये उभं असताना कळलं.

त्याचं असं झालं. नोकरीच्या निमित्ताने आम्ही ब्रॅडफर्डच्या बाजूला राहायला आलो. एका रविवारी बायकोबरोबर ओढ्याकाठी फिरायला गेलो, तर दहाबारा माणसं मोटारसायकली घेऊन वर चढत होती. रस्त्याने नव्हे, ओढ्यातून. शेवाळलेल्या दगडांवरून, चालत्या माणसाच्या वेगाने, उभ्याउभ्या. गाड्यांना सीटच नव्हतं. हॉर्न नव्हता, शिव्या नव्हत्या, फटीतून पुढचं चाक घुसवणं नव्हतं. प्रत्येक जण आपली पाळी येईपर्यंत थांबत होता. मी पुण्यात वाढलो. दुचाकीवरचा माणूस आपणहून पाळीसाठी थांबतो, हे मला ओढ्यातल्या दगडावर गाडी चढवण्यापेक्षा अवघड वाटलं.

या खेळाला ट्रायल्स म्हणतात. ओढा, चढ, झाडांची मुळं, खडक अशा जागी खुणा लावून छोटे छोटे सेक्शन आखतात. सेक्शन पार करताना पाय एकदा जमिनीला लागला की एक गुण, दोनदा लागला की दोन, पुढे कितीही वेळा लागला तरी तीन. पडलात किंवा खुणांच्या बाहेर गेलात की पाच. ज्याचे गुण सगळ्यांत कमी, तो पहिला. मी मनातल्या मनात स्वारगेट ते डेक्कन हा माझा कॉलेजचा रस्ता या हिशेबाने तपासला. लक्ष्मी रोडलाच शंभरी भरत होती.

हा खेळ इथल्या मातीत मुरलेला आहे. स्कॉटलंडमधली सहा दिवसांची ट्रायल १९०९ सालापासूनची. ब्रॅडफर्डला खेटून असलेल्या शिप्लीत आल्फ्रेड अँगस स्कॉट नावाचे गृहस्थ टू-स्ट्रोक मोटारसायकली बनवायचे. त्यांनी आपल्या कारखान्यातल्या माणसांसाठी १९१४ मध्ये सुरू केलेली स्कॉट ट्रायल आजही यॉर्कशरच्या डोंगरात होते. जवळच्या सिल्सडन गावचा डगी लॅम्पकिन १९९७ ते २००३ अशी सलग सात वर्षं जगज्जेता होता. २०१६ मध्ये त्याने आयल ऑफ मॅनचा साठ किलोमीटरांचा रस्ता नुसत्या मागच्या चाकावर पार केला. अशा मुलखात राहून हा खेळ न खेळणं म्हणजे कोल्हापुरात राहून तालमीचं तोंड न बघणं. निदान बायकोला मी असं सांगितलं. ती म्हणाली, "तू कोल्हापुरात असतास तर तालमीतही गेला नसतास. मिसळ खाऊन परत आला असतास."

शेजारी एक बहात्तर वर्षांचे निवृत्त पोस्टमन राहतात. रविवारी हातात पॅड आणि खिशात चहाचा थर्मास घेऊन सेक्शनपाशी उभं राहायचं आणि लोकांचे पाय मोजायचे, हे त्यांचं काम. मी त्यांना मनातल्या मनात गुरुजी म्हणतो. गाडी घ्यायचीय म्हटल्यावर त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "कुठली?"

मी अभ्यास करून गेलो होतो. स्पेनच्या मोंटेसा, टीआरएस, व्हर्टिगो, इटलीची बीटा, फ्रान्सची शेर्को ही नावं मी जावयांची ओळख करून द्यावी तशी घेतली. "आणि घेईन तर तीनशे सीसीच," मी म्हणालो. टोनी बू नावाचा गडी २००७ पासून दरवर्षी जगज्जेता होतोय, त्याचे व्हिडिओ मी रोज रात्री बघत होतो. तो घराएवढ्या दगडावर उडी मारून चढतो.

"तू कशावर चढणार आहेस?" गुरुजींनी विचारलं.

मी फुटपाथच्या कडेकडे बोट दाखवलं.

"मग अडीचशे बघ. तीही शांत स्वभावाची. तीनशे सीसी म्हणजे मूठ जराशी फिरली की गाडी दगडावर आणि तू ओढ्यात. आणि साल बघू नकोस, मालक बघ. सोळा वर्षांच्या पोराने दोन वर्षं चालवलेल्या गाडीपेक्षा म्हाताऱ्याने दहा वर्षं चालवलेली बरी."

रात्री बाबांना व्हिडिओ कॉल केला. बाबांनी एकोणीस वर्षं एकच चेतक चालवली आणि ती विकली त्या दिवशी ते जेवले नाहीत.

"ॲव्हरेज किती देते?"

"बाबा, हिची टाकीच अडीच-तीन लिटरची असते."

"बरं. किती किलोमीटर झालंय?"

"हिला मीटर नसतो."

"सीट तरी कसं आहे?"

"सीट पण नसतं."

बाबा थोडा वेळ गप्प राहिले. मग फोन आईकडे देत म्हणाले, "याला तिकडे कोणीतरी गाडीचा सांगाडा विकतंय."

पण खरी अडचण बाबांनी नेमकी पकडली होती. मीटर नाही, म्हणजे गाडीचं वय कळायचं कसं? सालावरून काही कळत नाही. तीच गाडी एकाकडे महिन्यातून एकदा निघते आणि दुसऱ्याकडे रोज दगडावर आपटते. मी हे गुरुजींना बोलून दाखवलं, तेव्हा ते खाली वाकले आणि त्यांच्या गाडीच्या मागच्या स्प्रॉकेटवरून बोट फिरवत म्हणाले, "हे बघ. दात."

माझ्या अंगावर काटा आला. घोटीच्या बाजारातून आजोबा थेट यॉर्कशरला येऊन पोचले होते.

पहिली गाडी एका पोराची. तीनशे सीसी. नवे स्टिकर, नवं प्लास्टिक, झूल अंगावर टाकलेली. पोराने एका किकमध्ये गाडी चालू केली. मी टाळ्या वाजवायच्या बेतात होतो. गुरुजींनी मात्र किकच्या आधीच इंजिनाला तळहात लावला होता. "गरम आहे," ते माझ्या कानात म्हणाले. "आपण यायच्या आधी चालवून ठेवलीय. गार गाडी चालू होते का ते बघायचं असतं." स्प्रॉकेटचे दात कोरे करकरीत होते. "नवे बसवलेत. कवळी आहे." मग त्यांनी मला खरं वय लपतं त्या जागा दाखवल्या. इंजिनाच्या बाजूचा रंग बूट घासून घासून गेला होता. फूटरेस्ट खिळखिळे होऊन खाली झुकले होते. इंजिनाखालचा ॲल्युमिनियमचा पत्रा, ज्याच्यावर सगळे दगड आपटतात, तो लग्नाच्या घरातल्या परातीसारखा पोचे पडलेला होता. शेवटी गाडी खोक्यावर चढवून त्यांनी मला मागचं चाक धरून हलक्या हाताने वर उचलायला लावलं. चाक वर आलं, पण त्याच्या आधी कुठेतरी आत 'टक्' झालं. पुन्हा उचललं, पुन्हा टक्. शॉकअपच्या जोडणीतली बेअरिंगं गेली होती. दिसायला आदत, आतून म्हातारा.

दुसरी गाडी एका गॅरेजमध्ये होती. फोर-स्ट्रोक, आवाज गोड, किंमत त्याहून गोड. गुरुजींनी हँडलखाली टॉर्च मारली. चेसिस नंबरच्या जागी कानस फिरवलेली होती. मालक चहा विचारत होता. गुरुजी म्हणाले, "चहा नको." यॉर्कशरचा माणूस चहाला नाही म्हणाला, तेव्हाच मी ओळखलं की आता पळायचं.

तिसरी गाडी मेंढपाळाच्या शेडमध्ये, जुन्या चादरीखाली होती. २०१२ सालची, लाल, अडीचशे सीसीची गॅस गॅस. हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला आमच्या गल्लीत सिलिंडर घेऊन येणारा माणूस आठवला होता. स्पेनमधल्या गिरोनाजवळची ही १९८५ सालची कंपनी. मालक सत्तरीचा. गुडघा बदलून झाल्यामुळे विकत होता. मी तळहात लावला, इंजिन शेडमधल्या थंडीइतकंच गार. दुसऱ्या किकला चालू झालं. टू-स्ट्रोकचा निळा धूर नाकात गेला आणि क्षणभर बाबा सकाळी चेतक तिरकी करून किक मारतायत असं वाटलं.

मग मी दात बघितले. झिजलेले होते, पण सगळे सारखे झिजलेले, टोकं वाकून आकडी झालेली नव्हती. चौसा. चाक उचललं, टक् नाही. हँडल डावी-उजवीकडे फिरवलं, मध्येच अडकलं नाही. पुढच्या शॉकअपच्या नळ्यांवर तेलाचा ओघळ नाही. गाडी गिअरमध्ये टाकून क्लच दाबून ढकलली, मोकळी गेली. खाली पत्र्यावर पोचे होते, पण त्या वयात ते कोणाला नसतात? शेवटी मी टायर दाबला आणि दचकलो. "पंक्चर आहे!"

दोघे म्हातारे एकमेकांकडे बघून हसले. मागच्या टायरात हवा चारच पौंड ठेवतात, म्हणजे टायर दगडाला कणकेसारखा चिकटतो. पुण्यात चार पौंड हवा घेऊन कोणी पंपावर आला तर त्याला आधी पाणी देतील.

मेंढपाळाने एक वही काढली. कुठल्या तारखेला कुठल्या बेअरिंगला ग्रीस भरलं, गिअरबॉक्सचं तेल कधी बदललं, सगळं पेन्सिलीने लिहिलेलं. माझ्या लसीकरणाची एवढी नोंद आमच्या घरी नाही. त्याने अडीच हजार पौंड सांगितले. नव्या गाडीला याच्या दुपटीहून जास्त मोजावे लागतात. मी बावीसशे म्हणालो. तो गप्प. मीही गप्प. बाहेर मेंढ्या बोलत होत्या. तेविसशे पन्नासला हात मिळाला. मी नोटा मोजून दिल्या. त्याने त्यातली दहा पौंडांची नोट काढून परत माझ्या हातावर ठेवली.

मला वाटलं, मोजण्यात चूक झाली. गुरुजी म्हणाले, "ठेव. ते नशिबाचे पैसे. इकडे जनावर विकलं की विकणारा थोडे परत देतो, घेणाऱ्याला लाभावं म्हणून." मेंढपाळाने गाडीच्या टाकीवर दोन थापा मारल्या, बैलाच्या पाठीवर मारतात तशा, आणि चादर घडी करून तीही मला दिली.

घरी बायकोने गाडी बघितली. "मी कुठे बसायचं?"

"मीच बसत नाही, तर तू कुठे बसणार?"

तरी तिने पूजा केली. हार घालायला हँडल होतं. स्वस्तिक काढायला हेडलाइट नव्हता, म्हणून पुढच्या मडगार्डवर काढलं. चाकाखाली लिंबू ठेवलं. मी गाडी पुढे ढकलली. सत्तरेक किलोची गाडी, मऊ टायर आणि ओली हिरवळ. लिंबू मातीत दबलं, टायर त्याच्यावरून हळुवार निघून गेला आणि लिंबू जसंच्या तसं वर आलं. बायकोने ते उचलून धुतलं. संध्याकाळी त्याचं सरबत केलं.

बाबांना मी अभिमानाने सांगितलं, की आकुर्डीच्या बजाजने २००७ मध्ये ऑस्ट्रियाच्या केटीएममध्ये भागीदारी घेतली, आणि २०१९ मध्ये गॅस गॅस केटीएमच्या घरात गेली. म्हणजे आपल्या चेतकची ही नात्यातलीच. बाबांनी हिशेब केला. "तुझी २०१२ ची ना? म्हणजे सोयरीक जुळायच्या आधीची. पण चालेल."

दीड महिना मी गुरुजींच्या मागच्या कुरणात दोन दगडांमधून आठचा आकडा काढत होतो. पाच लिटर पेट्रोलमध्ये साडेबासष्ट मिलिलिटर तेल मोजण्यासाठी मी मुलीचं कफ सिरपचं माप पळवलं, त्यावरून घरात आणखी एक ट्रायल झाली. मग क्लबच्या नवशिक्यांच्या स्पर्धेत नाव दिलं. दहा सेक्शन, चार फेऱ्या. एका सेक्शनवर स्वतः गुरुजी पॅड घेऊन उभे होते. मी त्यांच्यासमोर ओढ्यात बसलो. त्यांनी आधी पाच लिहिले, मग मला हात दिला.

त्या रात्री बाबांचा फोन आला. "काय झालं परीक्षेचं?"

"एकशे एकतीस गुण."

"किती पैकी?"

"दोनशे."

पलीकडे पुटपुटत भागाकार झाला. "साडेपासष्ट टक्के! अगं ऐकलंस का, पोरगा फर्स्ट क्लासमध्ये आला!" मागून आईचा आवाज आला, की गणितात कधी एवढे मिळाले नव्हते. कमी गुणांचा तो नियम मी सांगणार होतो. पण बाबांचा आवाज असा फुललेला मी दहावीनंतर ऐकला नव्हता.

"शाब्बास," बाबा म्हणाले. मग एकदम त्यांचा बापाचा सूर लागला. "पण हुरळून जाऊ नकोस. पाय जमिनीवर ठेव."

"बाबा," मी म्हणालो, "दिवसभर तेच केलं."