नायक आधीच मेला असल्यास कथा कशी सुरू करावी

होतकरू कथालेखकाने जे घडायचं ते आधी घडवून टाकावं आणि मगच वाचकाला आत घ्यावं. घटस्फोट झालेला असावा, गिरणी बंद पडलेली असावी, मुलगा अमेरिकेला निघून गेलेला असावा. यात बचत मोठी. अपघात लिहावा लागत नाही, पंचनामा टळतो आणि चष्मा काढून 'आय अ‍ॅम सॉरी' म्हणणाऱ्या डॉक्टरला कायमची रजा देता येते.

मग वाचकाला हे कळवायचं कसं? आपल्याकडे यासाठी पूर्वापार दूध वापरतात. नायिका गॅसवर दूध ठेवते, खिडकीबाहेर बघते आणि दहा वर्षं मागे जाते. दूध उतू गेलं की भानावर येते. अर्धा लिटर दूध तापेपर्यंत बालपण, प्रेमविवाह आणि सासूचा अर्धांगवायू उरकायचा म्हणजे हात सरावलेला हवा. दूध परवडत नसेल तर मावशी आणावी. ती दारातूनच म्हणते, "अगं सुमे, तुला माहीतच आहे, गेल्या वैशाखात तुझा नवरा तुला सोडून गेला." सुमीला खरंच माहीत असतं. तरी ती शेवटपर्यंत ऐकून घेते. घरचे संस्कार, दुसरं काय!

ज्यांना हेही जमत नाही, त्यांनी काफ्काची आडवाट धरावी. 1915 साली छापून आलेल्या त्याच्या कथेत ग्रेगोर साम्सा पहिल्याच वाक्यात किडा झालेला आहे. का झाला, कुणाच्या शापाने झाला, याची चौकशी तो स्वतःही फारशी करत नाही. साडेसहा वाजून गेलेत, पाचची गाडी चुकली, आता साहेबाला काय सांगायचं, ही त्याची विवंचना. त्याचं किडा होणं आपल्याला पटतं ते त्या चुकलेल्या गाडीमुळे. सतीश आळेकरांनी 'महानिर्वाण'मध्ये (1974) भाऊरावांना मारूनच नाटक सुरू केलं आणि वर त्यांनाच कीर्तनाला उभं केलं. मेल्याचं दुःख राहिलं बाजूला. भाऊरावांचा हट्ट एवढाच, की जाळायचं तर जुन्याच स्मशानात.

तेव्हा नायकाची बायको गेली असेल, तर पहिल्याच परिच्छेदात त्याला रेशनकार्डावरून तिचं नाव कमी करायला पाठवावं. काय झालं, केव्हा झालं, दाखला आणलाय का, हे खिडकीपलीकडचा कारकून विचारतोच. लेखकाने मध्ये बोलू नये.

महाभारताचा दाखला मात्र देऊ नये. सौती नैमिषारण्यात पोचतो तेव्हा युद्ध केव्हाच संपलेलं असतं, हे खरं. पण त्याचे श्रोते 12 वर्षांच्या सत्राला बसलेले ऋषी होते. तुमचा वाचक डोंबिवलीला चढलाय आणि ठाण्याला उतरणार आहे.

'आधी काय झालं ते कळत नाही' असा शेरा मारून दिवाळी अंकाच्या संपादकाने कथा परत पाठवली, तर गाळलेली चार पानं पुन्हा जोडू नयेत. ती वेगळी कथा म्हणून दुसऱ्या अंकाला द्यावीत. सुरुवातीला थोडं दूध घालावं.