‘खर्च : जवळपास शून्य’ लिहिणाऱ्या बाईंना अनावृत पत्र

भंडारा,
डिसेंबरचा दुसरा आठवडा

‘नाताळच्या घरगुती भेटी, अगदी स्वस्तात’ या लेखाच्या विदुषी लेखिकेस,
स.न.वि.वि.

आपला लेख पोचला. म्हणजे आपण पाठवला नव्हता. पुण्याच्या नणंदेने मासिकाच्या पानांचे फोटो काढून पाठवले आणि खाली लिहिले, ‘वयनी, तुमच्याकडे तर हे सारं फुकटच मिळत असेल!’ तेव्हापासून आमच्या घरात शांतता नाही. आम्ही पिढीजात ख्रिस्ती, नाताळ आमच्या घरचा सण, आणि तो आजवर आम्ही उगाच महागात साजरा करत होतो, असे यजमानांचे ठाम मत झाले आहे.

मी तीस वर्षे शाळेत गणित शिकवले. आपल्या प्रत्येक भेटीखाली ‘खर्च : जवळपास शून्य’ अशी ओळ आहे. शून्य मला ठाऊक आहे. ‘जवळपास शून्य’ ही संख्या आमच्या पाठ्यपुस्तकात नव्हती, म्हणून लेख दोनदा वाचला.

पहिलीच सूचना : भेट ‘बर्लॅप’मध्ये गुंडाळा, घरात कुठेतरी पडलेले असेलच. हे कापड कुठले, ते कळायला मुलाला फोन करावा लागला. बाई, तो बारदाना हो! आणि तो आमच्याकडे ‘कुठेतरी पडलेला’ नसतो. डिसेंबर म्हणजे धान विकण्याचे दिवस. कुठल्या ना कुठल्या खरेदी केंद्रावर बारदाना संपतो आणि शेतकरी उघड्यावर ओतलेल्या ढिगाशेजारी थंडीत रात्र काढतो, आभाळ भरून आले की ताडपत्री शोधत पळतो. अशा वेळी मी सुबक चौकोनी तुकडे कापून त्यात साबणाची वडी गुंडाळत बसले, तर गावात मला कोणी ‘मेरी ख्रिसमस’ म्हणेल असे वाटत नाही.

मग दारावरचे हिरवे कडे. त्याला पाइनची बोंडे लागतात, तीही ‘फिरायला गेल्यावर वेचून आणा’. आम्ही फिरायला जातो ते तलावाच्या पाळीवरून. तिथे शिंगाडे मिळतात, नशीब असेल तर झिंगे. त्यापेक्षा आमच्याकडे धानाच्या लोंब्या विणून दाराला तोरण बांधतात. सणाला शोभते आणि नंतर चिमण्यांची सोय होते. यंदा नणंदेला तेच पाठवणार होते. तिने कळवले, तसले तोरण तिच्याकडे दुकानात मिळते आणि भाव ऐकून ती परत आली. म्हणजे शून्याचेही गावोगाव दर वेगळे आहेत.

सासूबाईंसाठी आपण सुचवले आहे : घरातल्या जुन्या पितळी भांड्याला पांढरा रंग द्या, वर चांदण्या काढा, झाली फुलदाणी. बाई, आपण हे कुठल्या गावाला सांगताय? भंडारा म्हणजे पितळेचे गाव. ‘भाण’ म्हणजे भांडे, त्यावरून गावाचे नाव पडले असे आमच्याकडे सांगतात. इथल्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या पितळ ठोकले, मग स्टील आले, ॲल्युमिनियम आले आणि ठोक्यांचे आवाज कमी होत गेले. आमच्या सासूबाईंचा गुंड अजून स्वयंपाकघरात आहे. पाणी त्यात कोणी भरत नाही, पण दर सणाला तो चिंचेने घासला जातो. त्यावर मी ऑइलपेंट लावला असता, तर नाताळची प्रार्थना यंदा माझ्यासाठी झाली असती.

जुन्या रेशमी साडीचे काठ कापून रिबन करा, हेही वाचले. माझ्या आईची कोशाची करवतकाठी आहे, मोहाडीकडच्या मागावरची. करवतीच्या दातांसारखी ती नक्षी काठात बसवायला विणकराला तीन धोटे खेळवावे लागतात. माझ्याकडे एकच कात्री आहे. ती हाती घेण्याची हिंमत झाली नाही.

आता मुख्य मुद्दा. ‘शेजाऱ्यांसाठी घरच्या ज्येष्ठांकडून पारंपरिक गोड पदार्थ करून घ्या, सुंदर बरणीत भरा. खर्च : जवळपास शून्य.’ इथे मी लाल पेन काढला.

आमच्या नाताळात करंज्या, शंकरपाळे असतात आणि अनारशांशिवाय तर तो होतच नाही. तांदूळ जुना लागतो, नवा चालत नाही. तीन दिवस भिजत घालायचा, रोज पाणी बदलायचे. विसरलात तर वास साऱ्या आळीला कळतो. मग सावलीत कापडावर पसरायचा, पण पूर्ण वाळू द्यायचा नाही. कुटायचा, चाळायचा, गूळ मिसळायचा, गोळे करून डब्यात ठेवायचे आणि पुन्हा वाट पाहायची. तळायच्या दिवशी तूप जास्त तापले तर अनारसा करपतो, कमी तापले तर कढईत विरघळतो, म्हणजे हसतो. अनारसा हसला की सासूबाई रडकुंडीला येतात. वय शहात्तर, गुडघ्यांचे दुखणे जुने. आठवडाभर त्या या व्यापात असतात. खसखशीचा भाव मी सांगत नाही, आपण सणाच्या दिवसांत आहात.

हिशेब मांडून पाहिला. तांदूळ, गूळ, तूप, खसखस, गॅस : इतके रुपये. सासूबाई : हा रकाना आपल्या कोष्टकात नाही. तो वगळला की उत्तर खरोखर शून्याच्या जवळ येते.

आमच्या शेजारच्या ताई घरबसल्या विड्या वळतात. पानही इकडचेच, तेंदूचे. त्यांना मी आपला लेख वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, ‘हातानं घरी केलेलं म्हणजे फुकट? काय जी बाई! आमची तर हजारानं मोजतात, अन् खराब म्हणून बाजूला टाकल्या त्याचे पैसेच नाही.’ आणि पुन्हा सुपावर वाकल्या.

पहिल्या नाताळाचे म्हणाल, तर पूर्वेकडच्या मागी लोकांनी सोने, ऊद आणि गंधरस आणला होता. तिन्ही बाजारभावाने. त्यातल्या उदाचा चुलतभाऊ, सालईचा डिंक, आमच्या बाजूच्या कोरड्या डोंगरांवर मिळतो. तो गोळा करणाऱ्याला काय मिळते हे विचारायला आपण या, मी सोबत येते.

भेट देण्याच्या माणसांची यादी आपण लांबलचक दिली आहे : आई, शिक्षक, शेजारी, पोस्टमन. एक माणूस राहून गेला, रेल्वेतला अनोळखी सहप्रवासी. 1890च्या दशकात नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. ती वाट आमच्या वरठीवरूनच जाते, जिथे भंडारा रोड स्टेशन आहे. डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटला, गप्पा झाल्या, उतरताना त्याने नव्या कराराची प्रत हातात ठेवली आणि म्हणाला, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. एका पुस्तकाच्या किमतीत मराठी ख्रिस्ती समाजाला त्याचा कवी मिळाला. आपल्या लेखात शोभेल असाच सौदा, खर्च जवळपास शून्य! फक्त लक्ष्मीबाईंना नवऱ्यापासून काही वर्षे दूर राहावे लागले, नातेवाइकांच्या घरी दिवस काढावे लागले. ‘स्मृतिचित्रे’ वाचा. तो रकाना त्यांनी स्वतःच्या हाताने भरला आहे, तोही हसत.

असो. आपल्याला काही न पाठवता नुसते पत्र पाठवणे आमच्यात बसत नाही. सोबत अनारसे आहेत, मोजून एकवीस. तीन हसले होते, ते यजमानांनी खाल्ले. बरणी सुंदर नाही, स्टीलचा डबा आहे, झाकणावर सासूबाईंचे नाव कोरलेले आहे.

आपली,
एक वाचक

ता. क. डबा परत पाठवावा. सासूबाईंनी मुद्दाम सांगितले आहे : रिकामा पाठवू नये.