जेवत नाहीये!

जर्मनीत, डसेलडॉर्फच्या आसपास आयटीत असलेल्या मराठी मंडळींत एखादा असाही निघतो. पुण्यात असताना झुरळ दिसलं की हा खुर्चीवर चढायचा. मग ऑफिसातला कोणीतरी त्याला हाम गावच्या टेरारिस्टिकाला नेतो. वर्षातून चारदा भरणारी ही जत्रा; साप, सरडे, कोळी सगळं टेबलांवर मांडलेलं. तिथून टॅरंटुलाची सहा पिल्लं घेऊन हा घरी येतो आणि त्या दिवसापासून बाप होतो.

त्याच्याकडे गेलात की चहाच्या आधी डबी येते. प्लास्टिकची, सॉस भरून देतात तेवढी. झाकणाला भोकं, आत काथ्याचा भुसा, एक कोपरा ओला.

“दिसला, काका?”

दिसत काहीच नाही. मोबाइलचा टॉर्च लावल्यावर भुशात पाय धरून जेमतेम अर्धा सेंटिमीटरचा जीव हलतो. पोटावर काळा डाग. हा म्हणे मेक्सिकन रेडनी. आपण ‘छान’ म्हणतो. तेवढ्यावर तो सोडत नाही. दुकानदार ज्याला वर्षानुवर्षं शास्त्रीय नावाने ‘स्मिथाय’ म्हणत आले, तो 2017 साली ‘हॅमोराय’ कसा ठरला, हे चहा गार होईपर्यंत ऐकावं लागतं. सख्ख्या चुलतबहिणीच्या मुलाचं नाव मात्र त्याला बायकोला विचारावं लागतं.

त्याचं खरं दुःख एकच: “जेवत नाहीये!” स्वयंपाकघरात बरणीत उडता न येणाऱ्या फळमाश्या पोसलेल्या असतात. त्यातली एक चिमट्याने डबीत सोडायची आणि श्वास रोखून बघत बसायचं. पिल्लू तोंड फिरवतं. मग रात्री अकराला हाम्बुर्गच्या जाणकाराला फोन. पोट काळपट, चकचकीत दिसतंय? बिळाचं तोंड मातीने बुजवलंय? मग कात टाकायची वेळ आली, माशी बाहेर काढा, गप्प बसा. माशी काढायचं कारणही आहे: कात टाकताना पिल्लू इतकं मऊ असतं की डबीत राहिलेलं भक्ष्यच त्याला कुरतडतं.

पहिल्या वेळी पिल्लू उताणं पडलेलं बघून यानं ऑफिसला दांडी मारली होती. मेलेल्याचे पाय सहसा पोटाखाली मुडपतात, उताणा तो कात टाकणारा, हे नंतर कळलं. आता तो भिंग घेऊन बसतो. पाठीचं कवच आधी झाकणासारखं उचकटतं, मग ओल्या मोज्यातून काढावा तसा एकेक पाय बाहेर येतो. पांढरेफटक सुळे कडक होईपर्यंत जेवण बंद. स्वतःच्या मुलाच्या दातांचा एवढा हिशेब त्याने ठेवला नाही, असं बायको म्हणते.

भारतातून आई आली तेव्हा सहा डब्या बघून हळहळली. “अरे, भावंडं ना? एकत्र ठेव की.”

“खातील एकमेकांना.”

आईला लगेच वाड्याच्या वाटणीचा खटला आठवला. पुढे तिने तो विषय काढला नाही.

पिल्लू जरा मोठं झालं की नर की मादी हे बघायला टाकलेली कात साबणाच्या पाण्यात पसरून सूक्ष्मदर्शकाखाली जाते. मादी असेल तर वीस वर्षांहूनही जास्त सोबत. नर वयात आला की थोड्याच काळात आटोपतो. “मुलगी आहे!” असं ओरडत तो पेढे वाटतो. नातवासाठी नवस बोललेल्या आईलाच त्यातला पहिला पेढा मिळतो. ‘सुलभा’ म्हणून वाढवलेलं पिल्लू नर निघालं, तर मात्र घरात दोन दिवस सुतक.

त्याच्याकडे आपल्या पश्चिम घाटातला, झाडावर राहणारा टॅरंटुला पोइसिलोथेरिया रेगॅलिसही आहे. भीमाशंकरला हा चार वेळा गेला, पण झाडाच्या ढोलीत कधी डोकावला नाही. पोइसिलोथेरिया हा वंश 2019 पासून वन्यजीवांच्या व्यापारावरच्या साइटीस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. त्यामुळे कोळ्याचा जर्मनीत जन्मल्याचा दाखला फाइलमध्ये नीट लावलेला. मालकाचे स्वतःचे कागद मात्र अजून परदेशी नागरिकांच्या कचेरीत अडकलेत.

माणूस चांगला आहे, बायकोच्या हाताला चवही आहे. जेवायला बोलावलं तर जरूर जा. फक्त स्वयंपाकघरातून जिऱ्याची डबी आणायला सांगितलं, तर झाकणाला भोकं नाहीत ना, तेवढं आधी बघा.