परसात ओक लावण्याची शास्त्रोक्त पद्धत

न्यू जर्सीत घर घेऊन, तीस वर्षांचं मॉर्गेज डोक्यावर घेऊन ज्यांना आता परसात सावलीही हवी आहे, त्यांनी ओक लावावा. जात रेड ओक. तो राज्यवृक्ष आहे आणि वर्षाला साधारण दोन फूट वाढतो. ओकांच्या खानदानात याला उतावळेपणा समजतात. व्हाइट ओक त्याहून सावकाश. इथल्याच सेलम गावचा प्रसिद्ध व्हाइट ओक सुमारे सहाशे वर्षं उभा राहून २०१९ मध्ये कोसळला. त्याच्यापुढे आपलं मॉर्गेज म्हणजे उसनवारीच.

नर्सरीतलं रोप मिळमिळीत वाटत असेल, तर बियांपासून सुरुवात करावी. शरद ऋतूत एकॉर्न वेचून पाण्यात टाकाव्यात; तरंगतील त्या फेकाव्यात. बुडलेल्या, ओलसर वाळूत घालून दोन-तीन महिने फ्रिजमध्ये ठेवाव्यात. रेड ओकच्या बीला थंडी सोसल्याशिवाय उगवायचं सुचत नाही. मात्र सहा महिन्यांसाठी आलेल्या सासूबाईंना आधी सांगून ठेवावं. नाहीतर इडलीच्या पिठामागचा डबा उघडून त्या विचारतात, “अगं, सुपारी कशाला भिजत घातलीस?” आणि सुपारी वाळत घातली जाते.

खणण्याआधी काही दिवस, जमिनीखालच्या वाहिन्यांच्या खुणा करून घेण्यासाठी, ८११ ला फोन करणं बंधनकारक आहे. माणूस येऊन गॅस असेल तिथे पिवळ्या, वीज असेल तिथे लाल खुणा करून जातो. उरलेल्या जागेत, घरापासून निदान वीस फूट लांब, झाड लावावं. अशी जागा बहुधा शेजाऱ्याच्या कुंपणालगतच सापडते. घेर पुढे पन्नास-साठ फुटांचा होतो, तेव्हा सावली त्याच्या डेकवर पडेल आणि पानं आपल्या गटारीत. संबंध आत्तापासून चांगले ठेवावेत; दिवाळीला चकल्या द्याव्यात.

खड्डा रुंद घ्यावा, खोल नव्हे. बुंध्याचा पसरट भाग मातीवर दिसायला हवा. मल्च बुंध्याला चिकटवू नये, खोड कुजतं. लॉनवाला तरी ढीग रचतोच, तो गेला की गुपचूप उपसावा. हरणांसाठी जाळी लावावी. छाटणी हिवाळ्यातच करावी.

कोवळा ओक सुकलेली पानं हिवाळाभर सोडत नाही. या काळात व्हिडिओ कॉलवर झाड दाखवू नये. साताऱ्याहून “मेलं की रे ते!” असं ऐकू येतं आणि तिथे आंबा का लावला नाहीस, हा विषय निघतो.