लाल रेघेची धास्ती

मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४७ अंशांच्या घरात जातो. जिममधला पंखा तीच तापलेली हवा या भिंतीकडून त्या भिंतीकडे ढकलत असतो. अशाही संध्याकाळी जटपुरा गेटापासून बल्लारपूर रस्त्यापर्यंत पोरं आपापल्या दंडांकडे आरशात प्रेमानं बघत लोखंड उचलतात. एकाच बाकावर आळीपाळीनं टेकलेल्या ओल्या पाठी आणि चौघांत मिळून एक टॉवेल. जंतूंनी याहून जास्त काय मागावं? मग कुणाच्या मांडीला गळू होतं, कुणाच्या काखेत केसतूड. स्पर्धा तोंडावर आलेली असते आणि नेमकं तेव्हाच डॉक्टर अँटिबायोटिक लिहून देतात.

शंभर किलोच्या बारखाली न डगमगणारा गडी इथं पांढराफटक पडतो. शंका डॉक्टरांना विचारायची नसते, ती जिममधल्या ‘सरां’साठी राखून ठेवलेली असते.

“काऊन सर, यानं बॉडी उतरते का?”

सर डंबेल खाली ठेवतात. “उतरते ना बे! गोळी गरम रायते.”

या गड्याचा संशय मोठा निवडक. डब्यावर परदेशी दंडाचं चित्र सोडून काही वाचता येत नाही, अशी पावडर तो दुधात ढवळून बिनदिक्कत पितो. ओळखीच्या ओळखीतून आलेलं इंजेक्शन टोचून घेतो, आणि त्याच जागी पू झाला की पुन्हा अँटिबायोटिकच्याच दारात येतो. पण जिच्यावर औषधाचं नाव, मात्रा, मुदत आणि ‘चिठ्ठीशिवाय घेऊ नका’ असं बजावणारी उभी लाल रेघ छापलेली असते, त्या पट्टीची त्याला धास्ती. त्या रेघेचा अर्थ लोकांना कळावा म्हणून सरकारनं २०१६ मध्ये मोहीमही काढली होती. गड्यानं अर्थ आपल्या सोयीनं लावला.

बॉडी उतरते हे मात्र खरं आहे. अंगात ताप असला की शरीर स्नायूंमधली प्रथिनं मोडून खर्चाला काढतं. भूक मरते, व्यायाम बंद पडतो. स्नायूंत साठवलेल्या ग्लायकोजेनच्या दर ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी धरलेलं असतं. तो साठा सरला की पाणीही जातं, आणि दोन-तीन दिवसांत शर्टाच्या बाह्या सैल होतात. गोळी नेमकी याच दिवसांत पोटात जाते, म्हणून आळ तिच्यावर. चोर पसार झाला आणि गावानं पंचनाम्याला आलेल्या पोलिसालाच चोपलं, त्यातला प्रकार. २०१८ च्या पावसाळ्यात विदर्भात स्क्रब टायफसची साथ आली होती. गवता-झुडपांतल्या बारीक किड्याच्या पिल्लाच्या चाव्यातून येणारा हा ताप सगळं अंग ठेचून काढतो. त्यावर डॉक्सिसायक्लिन हे जुनं, स्वस्त अँटिबायोटिक चालतं. वेळेवर मिळालं तर रोगी बहुधा दोन-तीन दिवसांत उठून बसतो. त्या रोग्याला बॉडीबद्दल विचारून पाहावं.

सरांच्या बाजूनं पुरावा अगदीच नाही असं नाही, फक्त तो उंदरांकडे आहे. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांना पाण्यातून अँटिबायोटिक दिलं आणि वजन लावलेल्या चाकावर ९ आठवडे पळवलं. (असं चाक चंद्रपुरात आलं तर त्याचीही महिन्याची फी ठरेल.) औषधवाले आणि बिनऔषधवाले सारखेच पळाले, पण औषधवाल्यांच्या पोटरीचा स्नायू कमी भरला. आतड्यातले जंतू चोथा पचवून जी आम्लं तयार करतात ती स्नायूंच्या कामी येतात, आणि औषधानं त्या जंतूंचाही बाजार उठतो, असा त्यामागचा अंदाज. २०२२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडला आणखी मजा झाली. पिढ्यान्‌पिढ्या पळण्यासाठीच निवडलेल्या उंदरांचं पळणं अँटिबायोटिकनंतर २१ टक्क्यांनी घटलं, तर साध्या उंदरांना काडीचाही फरक पडला नाही. आपल्यापैकी बहुतेकांनी निर्धास्त व्हायला हरकत नाही. शिवाय ९ आठवडे पाण्यातून औषध पिणं वेगळं आणि गळवासाठी पाच दिवस गोळी घेणं वेगळं.

कोंबडीचं तर उलटंच. १९४८ च्या सुमारास अमेरिकेत संशोधक थॉमस ज्यूक्स यांना दिसलं की ऑरिओमायसिन हे अँटिबायोटिक तयार करताना उरलेला गाळ खाद्यात मिसळला की पिल्लं भराभर वाढतात. पुढं कित्येक दशकं जगभरच्या कुक्कुटपालनात हा खुराक चालला. भारतानं खाद्यातल्या कोलिस्टिन या अँटिबायोटिकवर बंदी घातली ती २०१९ मध्ये. म्हणजे आमचा गडी जिची छाती उकडून दिवसातून तीनदा खातो, तिनं स्वतः अँटिबायोटिकवर बॉडी केलेली असण्याची शक्यता आहे. ती कधी सरांना विचारायला गेली नाही.

जिथं खरोखर घाबरायला हवं, तिथं गडी शूर असतो. लग्नातल्या पंगतीनंतर पोट बिघडलं की तो मेडिकलमध्ये जाऊन ‘जुलाबाची गोळी’ मागतो आणि बरेचदा फ्लॉक्सासिन कुळातलं एखादं अँटिबायोटिक घेऊन येतो, चिठ्ठीबिठ्ठी काही नाही. या कुळातल्या औषधांनी स्नायू हाडाला बांधणारी कंडरा, विशेषतः टाचेमागची, क्वचित तुटते. २००८ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी त्यांच्यावर काळ्या चौकटीतला इशारा छापायला लावला. वय साठीच्या पुढं असेल किंवा सोबत दम्याची, सांधेदुखीची स्टेरॉइडं चालू असतील तर धोका वाढतो. जिमच्या बॅगेतली स्टेरॉइडं निराळी, त्यांचे उपद्व्यापही निराळे. त्यातून सिप्रोफ्लॉक्सासिनची गोळी हा गडी म्हशीच्या दुधाबरोबर घेतो, वरून लोह-झिंकच्या गोळ्या. दुधातलं कॅल्शियम आणि ती खनिजं औषधाला आतड्यातच धरून ठेवतात. रक्तात पोचतं थोडंसंच, आणि जंतू मजेत राहतात.

शेजारच्या गडचिरोलीत मात्र ताकदीचं माप दंडाच्या घेरावर ठरत नाही. नवजात बाळाला जंतुसंसर्ग झाला की हातपाय ढिले पडतात, रडणं मंदावतं, दूध ओढायचं बळ जातं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं ३९ गावांत गावातल्याच बायांना ही लक्षणं ओळखायला आणि घरी जाऊन जेंटामायसिन या अँटिबायोटिकचं इंजेक्शन द्यायला शिकवलं. अंगठ्याएवढ्या मांडीत सुई टोचणं हे बेंच प्रेसपेक्षा अवघड काम असावं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आकडे आले: घरपोच सेवेच्या या सगळ्या कामामुळे नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. वरोऱ्याला कुष्ठरोग्यांसाठी उभ्या राहिलेल्या आनंदवनातही तेच. कुष्ठरोगाचा जंतू नसा पोखरतो, मग हाताचे स्नायू सुकतात आणि बोटं आखडतात. १९८१ पासून जागतिक आरोग्य संघटनेनं सुचवलेल्या बहुविध उपचारात रिफाम्पिसिन हे अँटिबायोटिकच मुख्य आहे. वेळेत घेतलं तर मूठ शाबूत राहते, आणि मूठ असेल तरच डंबेल.

इकडे चंद्रपुरातल्या दवाखान्यात गड्याला डॉक्टर समजावतात: पाच दिवस गोळ्या पूर्ण घे, अंडी-डाळ-भात खा, पाणी पी आणि सात दिवस जिम बंद. गडी सगळं निमूट ऐकतो, चिठ्ठी खिशात घालतो, दारापर्यंत जाऊन परत फिरतो.

“साहेब, जिम पुरी बंद का? का फक्त लेग डे सोडू?”

डॉक्टर चिठ्ठी परत मागतात, ‘सात दिवस’खाली दोनदा रेघ ओढतात आणि हाक मारतात, “पुढचा पेशंट!”