फक्त एकच सूचना

आमच्या तलासरी तालुक्यात मिस्सा किती वेळ चालणार हे फादर ठरवत नाहीत, सूचनावाले काका ठरवतात. प्रवचन दहा मिनिटांचं असो की पंचवीस, ख्रिस्तप्रसाद वाटून झाला की काका पहिल्या रांगेतून उठतात, शर्टाच्या खिशातून चार घड्यांचा कागद काढतात, माइकवर दोनदा टिचकी मारतात आणि म्हणतात, "फक्त एकच सूचना आहे." कागद पाठपोट भरलेला असतो हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. तरीही दर रविवारी क्षणभर सगळे आशेने बघतात. कोणी सांगावं, आज खरंच एकच असेल!

काकांचं नाव सांगत नाही. ते वेवजीला राहतात एवढं पुरे. चर्च कुठलं तेही सांगत नाही, कारण सूचनावाले काका प्रत्येक चर्चला एक असतातच. चर्चचं नाव छापलं तर आमचे काका एकटेच खूश होतील. न छापल्यामुळे झरीपासून डहाणूपर्यंतचे सगळे सूचनावाले पुढच्या रविवारी "माझ्यावर लिहून आलंय" असं जाहीर करतील, आणि तेही सूचनेतूनच.

वेवजी म्हणजे महाराष्ट्राची कड. गावाच्या हद्दीला सोलसुंबा लागतं, ते गुजरातेत. उंबरगावचे कारखाने आणि रेल्वे स्टेशनही तिकडचंच. 1 मे 1960 ला दोन राज्यं झाली तेव्हा उंबरगाव तिकडे गेलं आणि हा पट्टा इकडे राहिला. त्याआधी हे सगळं एकच होतं. 1945 साली झरीला वारल्यांची ती मोठी सभा भरली, किसान सभेच्या गोदावरी परुळेकर आल्या, वेठबिगार करणार नाही असं लोकांनी ठरवलं, तेव्हा झरी उंबरगाव तालुक्यातच होती. काकांचे आजोबा त्या सभेला होते म्हणतात. (इथे कोणाच्याही आजोबांबद्दल विचारा, ते त्या सभेला होतेच.) पुढे वडील मिशनच्या शाळेत शिकले. त्यामुळे काकांच्या घरात सभेचं वळण दोन्ही बाजूंनी आलं: आवाज किसान सभेचा आणि कागद मिशनचा. माइकसमोर "बंधूंनो आणि भगिनींनो" म्हणताना त्यांची उजवी मूठ खांद्यापर्यंत उठते, मग कुठे उभे आहोत ते ध्यानात येतं आणि ती मूठ उघडून ते कान खाजवतात.

सूचना एकच असली तरी ती चार वेळा होते, कारण आमच्या चर्चमध्ये भाषा चार. आधी मराठीत. मग उंबरगावच्या कारखान्यांत कामाला आलेल्या झारखंड-ओडिशाकडच्या पोरांसाठी हिंदीत. मग हद्दीपलीकडून येणाऱ्या दोन-तीन कुटुंबांसाठी गुजरातीत. शेवटी पुढे सतरंजीवर बसलेल्या म्हाताऱ्यांसाठी वारलीत. आता हा नुसता भाषाबदल आहे असं समजू नका. मराठीत काका "कृपया" म्हणतात. हिंदीत हुकूम सोडतात. गुजरातीत त्यांचा सूर एकदम सौद्याचा होतो. आणि वारलीत ते सरळ रागे भरतात. वेळही भाषेप्रमाणे बदलते. मिस्सा साडेनऊला असेल तर मराठीत साडेनऊ, हिंदीत नऊ, आणि वारलीत आठ. हे मी त्यांना एकदा विचारलं, तर म्हणाले, "ज्याला जेवढा उशीर होतो तेवढा मी आधीच वजा करतो." गंमत अशी की म्हाताऱ्या आठलाच येऊन बसतात. उशीर मराठीवाल्यांना होतो.

फादरांचं प्रवचन मला आवडतं, नाही असं नाही. पण लहानपणापासून या चर्चमध्ये ऐकलेलं काय आठवतं म्हणाल, तर सूचनाच आठवतात. पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या तयारीच्या वेळी आम्हा पोरांना पाप म्हणजे काय हे सिस्टरांनी बरेच दिवस समजावलं. ते डोक्यावरून गेलं. काकांनी मात्र एका वाक्यात सोडवलं: "पापनिवेदनाला जाताना यादी आपापली करावी, शेजाऱ्याची उतरवू नये. मागच्या वर्षी सात पोरांनी एकच चिकूची चोरी कबूल केली होती."

आमच्या म्हाताऱ्यांचं मत तर याहून पुढचं आहे. दुसरी व्हॅटिकन परिषद 1962 ते 1965 या काळात झाली आणि त्यानंतर मिस्सा लोकांच्या भाषेत आली. त्याआधी ती लॅटिनमध्ये. फादर वेदीकडे तोंड करून, म्हणजे लोकांकडे पाठ करून, सगळं म्हणायचे. लोक गुडघ्यावर बसून आपापली जपमाळ ओढायचे. लोकांच्या भाषेत काय असायचं, तर प्रवचन आणि सूचना. प्रवचनाला डोळा लागायचा, तेव्हा उरल्या सूचना. अख्ख्या मिस्सेत कळण्याजोगी गोष्ट तेवढीच. हे ऐकल्यावर काकांच्या चेहऱ्यावर असं तेज आलं की विचारू नका. तेव्हापासून आपण एका जुन्या परंपरेचे वारस आहोत असं ते मानतात, आणि कागद आणखी एका घडीने वाढला आहे.

सूचनेची जागा मिस्सेच्या शेवटी, असा नियम आहे. पण पाणी उताराला जातं, तशी काकांची सूचना कुठेही वाट काढते. प्रवचनानंतर विश्वासूंच्या प्रार्थना असतात. एकाने वाचायचं आणि सगळ्यांनी "हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक" म्हणायचं. एका वर्षी सणाच्या आधी त्या प्रार्थना लिहायचं काम काकांकडे गेलं. पहिली जगातल्या शांतीसाठी, दुसरी आजाऱ्यांसाठी, आणि तिसरी: "जे कुटुंबप्रमुख सणाच्या वर्गणीबाबत अजून विचारात आहेत, त्यांना लवकर प्रकाश लाभावा म्हणून आपण प्रार्थना करू या." विचारात असलेल्यांनीसुद्धा खणखणीत आवाजात "आमची प्रार्थना ऐक" म्हटलं. न म्हणून सांगतात कोणाला! न म्हणणारा लगेच उघडा पडला असता.

हद्दीवरच्या गावातल्या चर्चचा एक प्रश्न वसई-वांद्र्याच्या लोकांना कळायचा नाही. गुजरातेत दारूबंदी. त्यामुळे हद्दीच्या अलीकडे दुकानं, आणि रविवारी तिथे वर्दळ. मिस्सा सुटल्यावर आमच्यातली काही पुरुषमंडळी त्या बाजूला "पाहुण्याला सोडायला" जातात. काकांना हे पाहुणे मान्य नाहीत. खरं तर दोन्ही राज्यांचा मूळ कायदा एकच, 1949 चा मुंबईचा दारूबंदी कायदा, आणि त्यात धार्मिक विधीसाठी लागणाऱ्या वाइनला वेगळी मुभा ठेवलेली आहे. ती वेदीवरच्या पेल्यातल्या चार थेंबांपुरती. पण हे कलम कोणीतरी आमच्या एका तरुणाला सांगितलं, आणि त्याने ते "ख्रिस्ती माणसाला परवानगी आहे" इतकं आखडून गावभर पसरवलं. काकांनी पुढच्या रविवारी चारही भाषांत खुलासा केला. वारलीतला खुलासा ऐकताना म्हाताऱ्यांनी मागे वळून नेमक्या त्याच पोराकडे पाहिलं.

आणि मग काना गावचं लग्न. चर्चमधली रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्राने फिरतात, आणि तिसऱ्या वर्षी जानेवारीत एका रविवारी येशूने पाण्याचा द्राक्षारस केल्याचं शुभवर्तमान येतं. 2022 ला आलं, 2025 ला आलं. सहा मोठे रांजण, काठोकाठ. आमच्याकडे जानेवारीच्या पुढे लग्नसराईचे वेध. मोहाची आणि ताडीची या मुलखात काय प्रतिष्ठा आहे हे मी सांगायला नको. वारल्यांच्या लग्नात नवरा उशिरा आलेला चालतो. त्या रविवारी मागच्या रांगांतले चेहरे असे उजळतात की फादरांना वाटतं, आज प्रवचन पोचलं. काका मात्र सावध असतात. ख्रिस्तप्रसादानंतर उठतात, आणि त्या दिवशी "फक्त एकच सूचना" हे अक्षरशः खरं असतं: "आजच्या शुभवर्तमानाचा कोणी सोयीचा अर्थ घेऊ नये. रांजण सहा होते, पण पाहुणे किती होते ते लिहिलेलं नाही."

त्यांना छळणारा दिवस म्हणजे गुड फ्रायडे. गुरुवारच्या रात्रीच्या मिस्सेत गौरवगीत झालं की घंटा बंद. त्याऐवजी लाकडी खटखट्या वाजवतात. शुक्रवारी मिस्सा नाही, नेहमीचा शेवटचा आशीर्वाद नाही, आणि क्रूसाची आराधना व ख्रिस्तप्रसाद झाल्यावर सगळ्यांनी मुकाट्याने घरी जायचं असा विधी. म्हणजे सूचना नाही! काकांच्या दृष्टीने ख्रिस्ताच्या दुःखसहनात आपला वाटा तो हाच. ते दारात उभे राहतात, ओठ घट्ट मिटलेले, आणि प्रत्येकाकडे असं बघतात की ज्याला कळायचं ते कळावं. एका वर्षी ते हातानेच काहीतरी खुणावत होते. आम्ही समजलो, शनिवारच्या विधीला मेणबत्ती आणा. कोणी समजलं, काठी आणा. शनिवारी रात्री नव्या अग्नीभोवती निम्मे लोक मेणबत्त्या घेऊन आणि दोघे बांबू घेऊन उभे होते. बांबू मांडवाला कामाला आले.

यात्रेच्या बसची सूचना हा स्वतंत्र विषय आहे. फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळयेशूची यात्रा, सप्टेंबरात वांद्र्याची मोतमाउली. वांद्र्याला जायला आता सोपं झालं. 2013 पासून डहाणूहून लोकल आहे, माणसं सुटी सुटी जातात. काकांना हे आवडत नाही, कारण लोकलला सूचना रेल्वेच देते. नाशिकची बस मात्र त्यांची. जव्हार, मोखाडा, त्र्यंबक करत घाट चढणारी. "बस पहाटे चारला सुटेल. चार म्हणजे चार." चारला सगळे हजर असतात. बस सुटते सव्वापाचला, कारण काका कोण आलं नाही हे बघायला पाड्यावर गेलेले असतात, आणि जे येणारच नव्हते त्यांनाही झोपेतून उठवून घेऊन येतात. परतताना बसमध्ये दोन माणसं जास्त असतात, हे ड्रायव्हरने कधीच मनावर घेतलेलं नाही.

इतकं हसल्यावर एक गोष्ट सांगितली पाहिजे. नोव्हेंबर 2018 पासून आमच्याकडची जमीन हलायला लागली. धुंदलवाडीच्या आसपास केंद्र, आणि धक्के डहाणू-तलासरीभर. 1 फेब्रुवारी 2019 ला तर एकाच दिवशी किती बसले याचा हिशोब लोकांनी सोडून दिला. भिंतींना चिरा पडल्या, शाळा उघड्यावर भरल्या, थंडीत माणसं अंगणात आणि तंबूत झोपू लागली. त्या दिवसांत मिस्सा आंब्याखाली व्हायची. काका उठायचे आणि कागद न काढता बोलायचे: "धक्का बसला तर आधी म्हातारी माणसं, मग पोरं, मग तरणे. चपला राहू द्या. एकटं कोण झोपतं ते मला सांगा." बस्स. ना मूठ, ना टिचकी. आणि संध्याकाळी टॉर्च घेऊन ते खरंच घरोघर जायचे, एकट्या म्हाताऱ्यांना मोजायचे. एका म्हातारीने चपला सोडायला साफ नकार दिला. दिवाळीला घेतलेल्या होत्या. दुसऱ्या रविवारी सूचना सुधारली गेली: "चपला राहू द्या. नवीन असतील तर हातात घ्या."

विश्वास म्हणजे काय यावर फादर पुष्कळ बोलतात आणि चांगलं बोलतात. काका त्यावर एक शब्द बोललेले मला आठवत नाहीत. मिस्सा चालू असताना त्यांचं लक्ष पंख्याकडे, माइकच्या वायरीकडे आणि अर्पणाच्या झोळीकडे असतं. ते डोळे मिटून प्रार्थना करताना मी कधी पाहिले नाहीत. कदाचित डोळे मिटले तर सतरंजी कोण उचलेल याची त्यांना काळजी वाटत असावी. माझ्या मते देवाला असा एक माणूस प्रत्येक चर्चमध्ये लागतो. डोळे मिटणारे पुष्कळ मिळतात.

मध्यंतरी तरुण पोरांनी चर्चचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. उद्देश उघड होता. सूचना ग्रुपवर टाकायची, मिस्सा वेळेत सुटेल. काकांनी विरोध केला नाही. ते ग्रुपचे ॲडमिन झाले. आता रविवारी ते मोबाइल हातात घेऊन उभे राहतात आणि म्हणतात, "सगळं ग्रुपवर टाकलेलं आहे. तरी वाचून दाखवतो." हद्दीवर फोन कधी महाराष्ट्राची रेंज पकडतो, कधी गुजरातची, आणि कधी दोन्ही सोडतो, तेव्हा चार घड्यांचा कागद खिशात असतोच.

शेवटी पॅरिश कौन्सिलने ठराव केला: यापुढे सूचना दोन मिनिटांच्या आत संपवाव्यात. ठराव एकमताने संमत झाला. काकांनीही हात वर केला. तो लोकांना जाहीर करायचं काम अर्थातच त्यांच्याकडे आलं. चारही भाषांत मिळून सतरा मिनिटं लागली.